बॉनेटची आतली बाजू

भाट्याच्या खाडीकाठी सदू सुताराचं होड्यांचं छप्पर होतं. कारखाना म्हणायचं ते आपलं म्हणायला. चार खांब, वर माडाच्या झापा आणि खाली रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास. सदूचा बाप लाकडाच्या होड्या बांधायचा. लाकूड मिळेनासं झालं तसा सदूनं फायबर धरला आणि त्यात जम बसवला. अशा ठिकाणी हरिश्चंद्र सारंगानं मोटारगाडी आणून टाकली तेव्हा लोकांनी आधी त्याला वेड्यात काढलं, आणि मग तेच लोक रोज गाडी बघायला येऊ लागले.

हरिश्चंद्र मूळचा गुहागरचा. सगळा जन्म बोटीवर काढलेला, खलाशांचा सारंग म्हणून निवृत्त झालेला, आणि आता दिवसभर करायचं काय ते न सुचलेला. विलायतेत म्हणे लोक जुन्या हेराल्ड गाडीची चॅसी घेतात, तिच्यावर फायबरची नवीकोरी, टप नसलेली बॉडी बसवतात आणि उन्हात फिरतात. सारंगानं ते कुठल्याशा बंदरात पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात घर करून बसलं होतं. मुंबईत कुणाच्या तरी परसात गंजत पडलेली हेराल्ड त्यानं मिळवली, जुनी बॉडी उतरवून टाकली आणि नुसता सांगाडा ट्रकवर घालून भाट्याला आणला. नव्या बॉडीचे भाग शारजाहून भल्यामोठ्या खोक्यातून आले. पुढचं बॉनेट, दोन दारं, मडगार्डं, मागची डिकी. अक्षय्य तृतीयेला गाडी रस्त्यावर पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आता भाग तयार आले म्हणजे ते खेळण्यासारखे खटाखट बसतात असं ज्याला वाटतं त्यानं एकदा बसवून बघावेत. डाव्या दाराची फट वर बोटभर, तर खाली नखही शिरणार नाही इतकी. बॉनेट सरळ करावं तर मडगार्ड वाकडं दिसायचं. सदू हॅक्सॉच्या पात्यानं कडा कापी, रबराच्या पट्ट्या खाली सरकवी, सगळं दोरीनं आवळून लांबून एक डोळा मिटून बघे, आणि पुन्हा सोडून टाकी. होडी दोन बोटं इकडेतिकडे झाली तर समुद्र तक्रार करत नाही. गाडीच्या फटीकडे मात्र रस्त्यावरचा कुणीही रिकामटेकडा बोट दाखवून हसतो, आणि सदूला स्वतःचं हसं करून घ्यायची अजिबात हौस नव्हती.

सदू बसवी आणि मैना घासून गुळगुळीत करी. मैना म्हणजे सदूच्या धाकट्या भावाची, धाकूची बायको. सत्याहत्तर साली धाकू कागदपत्रांशिवाय एका गलबतातून चोरून आखाताकडे निघाला होता. गलबत वादळात फुटलं. त्यातून वाचून परत आलेल्या एकानं सांगितलं, की धाकू माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला. वर्षभर वाट बघितली, मग भटजींना विचारून सदूनं दर्भाचा पुतळा केला, खाडीकाठावर त्याला अग्नी दिला आणि भावाचं दिवसकार्य उरकलं. मैनेचं कुंकू पुसलं गेलं. तेव्हा ती पंचविशीतही नव्हती, पदरी मूल नव्हतं. रडून झाल्यावर तिनं पॉलिश पेपर हातात घेतला तो आजपर्यंत सोडला नव्हता.

मधे गुहागरच्या एका बिजवराचं मागणं आलं होतं. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती आणि माणूस बरा होता. सदूनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. घराण्याची अब्रू वगैरे काहीतरी बोलला. मैनेला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, पण आपण होऊन तोंड उघडायची तिची छाती झाली नाही, आणि पुढे त्या माणसाचं दुसरीकडे जमलंही.

कामात मात्र तिचा हात धरणारा कुणी नव्हता. पृष्ठभागावर ती चुलीची काजळी फडक्यानं हलकी फासून घेई आणि मग पाणी मारून घाशी. जिथे काजळी राहिली तिथे खळगा. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवी. काचेची कुसळं अंगात जाऊ नयेत म्हणून हातांना खोबरेल चोपडलेलं असे, तरी संध्याकाळी मनगटं खाजून लाल होत. या गाडीच्या बाबतीत सदूनं एक गोष्ट वेगळी सांगितली. बाहेरची बाजू तू कर, म्हणाला, आतली मी बघतो. आतली बाजू जाड पेपरनं खरवडायचं काम नेहमी तिचंच असे, कारण खरवडल्याशिवाय वरून लावलेला काचतंतूंचा मॅट धरत नाही. भावजींना आपल्या हातांची कणव आली असेल असं तिला वाटलं. मनातून ती थोडी सुखावली देखील, बिचारी.

तृतीया तोंडावर आली आणि रेझिन संपलं. सदू पहाटेच्या एस.टी.नं लोट्याला गेला. मैनेनं मडगार्डं संपवली आणि तिचं लक्ष भिंतीला टेकवून ठेवलेल्या बॉनेटकडे गेलं. आतून ते अजून अर्धंच खरवडलेलं होतं. भावजी दमून येतील, तेवढंच आपण करून ठेवू, अशा चांगल्या विचारानं तिनं ते उलटं करून गोणपाटावर घातलं.

बॉनेटच्या अगदी पुढे, नाकाशी, आतून पुट्टीचा एक तळहाताएवढा थर होता. ताजा. मैनेला हसूच आलं. आतून, जिथे कुणाची नजर जायची नाही, तिथे पुट्टी कशाला? आणि नेमकी तिथेच तर लोखंडी पट्टी बसवून वर मॅट चढवायचा होता. पुट्टीवर मॅट धरत नाही, चार खड्ड्यांत सुटून येतो, हे तिला या भावजींनीच शिकवलं होतं. चुकून लागली असेल म्हणून तिनं जाड पेपर घेतला आणि पुट्टी काढायला बसली.

पुट्टी गेली. खाली रेझिनचा काचेसारखा पारदर्शक थर लागला आणि त्याच्या आत मॅटखाली एक पिवळा दोरा दिसला.

मैनेचा हात थांबला. तो दोरा तिच्या ओळखीचा होता. सासरे लाकडाची होडी धरायचे तेव्हा पहिल्या लाकडाखाली हळदीत भिजवलेला दोरा गाठ मारून ठेवायचे. फायबर आलं तरी मुलांनी ते सोडलं नाही. पहिला मॅट अंथरताना खाली दोरा ठेवायचा, मगच रेझिन ओतायचं. बंदरात दुसरं कुणी हे करत नसे. लग्नानंतर पहिली काही वर्षं तो दोरा हळदीत भिजवून देणं हे मैनेचंच काम होतं.

भावजींनी ठेवला असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते कसं शक्य होतं? दोरा मॅटच्या खाली होता, आणि हे बॉनेट शारजाहून तयार होऊन आलं होतं. खोकं फोडताना ती तिथेच उभी होती. तिनं थरावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि वाकून गाठ बघितली. गाठ उलटी होती. धाकू डावरा होता. त्याची गाठ नेहमी उलट्या अंगाला वळायची, त्यावरून सासरे त्याला शेवटपर्यंत बोलत राहिले आणि तो शेवटपर्यंत तशीच मारत राहिला.

पहिल्यांदा जे मनात आलं त्याची तिला नंतर लाज वाटली. तो जिवंत आहे म्हणून आनंद नाही झाला. भूत बघितल्यासारखी भीती वाटली. या माणसाला जाळताना तिनं बघितलं होतं. दर्भाचा का असेना, त्याला डोकं होतं, हात होते, आणि तो पेटताना तिनं हंबरडा फोडला होता.

छत्री मिटत हरिश्चंद्र सारंग आत आला तेव्हा तिनं घाईनं बॉनेट पालथं केलं आणि बाहेरची बाजू घासायला लागली. सारंग गप्पिष्ट माणूस. त्याला ऐकायला कुणी मिळालं की पुरे, मग ती कामवाली बाई असो की भिंत. मैना त्याच्या लेखी सदूच्या कामावरची बाईच होती. मैनेनं मान वर न करता विचारलं, ही बॉडी कुणी बनवली, हात चांगला आहे.

सारंग खुलला. तो म्हणाला, हात चांगला असणारच, आपल्याच मुलखातला आहे तो. शारजात होड्यांचा कारखाना आहे, तिथे धाकू मिस्त्री. डावरा आहे, पण काय सफाई. साचा विलायतेचा, काम त्याचं. जेवायलासुद्धा घरी घेऊन गेला होता. बायको मलबारची, दोन गोड मुली आहेत, मोठी अगदी बापाच्या तोंडवळ्याची. आणि हे भाग बसवणार कोण असं सारंगानं विचारलं, तेव्हा त्यानं स्वतः नाव दिलं. भाट्याला माझा भाऊ आहे, त्याच्याकडेच न्या, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. म्हणून तर सारंग थेट इथे आला होता.

"मग सदूदादांना तुम्ही हा सगळा सांगितलात?"

"सांगितला म्हणजे? पहिल्याच दिवशी सांगितला. भाऊस म्हणून चौकशी करील, रडेल, असा मना वाटला व्हता. ता काय नाय. नुसता म्हणाला, ह्या इथे कुणाजवळ काढू नका, आमचा जुना वाकडा हाय. म्हणून मी गप्प. तू पण बोलू नको हो."

मैना बरं म्हणाली. सारंग दाराच्या फटी बघत, तोंड भरून कौतुक करत हिंडला आणि गेला. ती खाली बघते तो काय, पेपरखाली जेलकोट संपून आतली काच वर आली होती. वरचा तुळतुळीत थर पार घासून गेला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

सदू संध्याकाळी रेझिनचा डबा खांद्यावर घेऊन आला. बॉनेट मुद्दाम उताणं ठेवलेलं होतं आणि मैना त्याच्या पलीकडे बसली होती. त्यानं एकदा पिवळ्या दोऱ्याकडे बघितलं आणि डबा खाली ठेवायचंही विसरून तसाच उभा राहिला. खोटं बोलायला माणसाला थोडी उसंत लागते, ती त्याला मिळाली नाही.

मग जे बाहेर पडलं ते असं. पुतळा जाळला तेव्हा भाऊ मेला असंच सदू समजत होता, ते खरं. पण पुढच्याच वर्षी आखातातून आलेल्या एका खलाशानं निरोप आणला, की धाकूला एका इराणी गलबतानं पाण्यातून उचललं, तो शारजात आहे. तिथे त्यानं घर केलंय. आता परत यायचं म्हणत नाही. घरी मी मेलोच असं समजतात ना, मग तसंच राहू द्या, असं त्याचंच म्हणणं. सदू गुपचूप परगावच्या एका भटजींकडे गेला. भटजी म्हणाले, ज्याचा पुतळा जाळला तो परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालावं लागतं. बारशापासून सगळे संस्कार पुन्हा, आणि स्वतःच्याच बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा. जो येणारच नाही त्याच्यासाठी हे सगळं कुठे उकरायचं? सदूनं बायकोला सांगितलं, दोघांनी ठरवलं आणि गोष्ट मिटवून टाकली.

म्हणजे थोरल्या जाऊबाईला, सगुणेलाही ठाऊक होतं. सणासुदीला मैनेला मागे उभी करताना, हळदीकुंकवाच्या दिवशी तिला परसात काम काढून देताना, प्रत्येक वेळी ठाऊक होतं. मैनेला एकेक दिवस आठवू लागला आणि प्रत्येक दिवस नव्यानं लागला.

"गुहागरच्या माणसाला तुम्ही परत पाठवलात," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला ठाऊक व्हता."

सदूनं डबा शेवटी खाली ठेवला. "नवरा जिवंत असताना बायकोचा पाट कसा लावायचा? पाप झाला असता, मैना."

"आणि मी सात वर्षां अशी फिरतंय, ता पुण्य?"

सदूनं तुझ्या जेवणाखाण्याला कधी कमी केलं नाही, असं काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली, पण ते त्याचं त्यालाच ऐकवेना. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. यानं एका बाजूला तिला पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या बाजूला तिचं आयुष्य बिनबोभाट पुट्टीखाली दाबून टाकलं, आणि दोन्ही करताना त्याला आपण घर सांभाळतोय असंच वाटत होतं.

मैनेनं आरडाओरडा केला नाही. ती उठली, घासून गेलेल्या जागी तिनं नवा जेलकोट लावला, आणि पुढचे दिवस मुकाट काम करत राहिली. सदू आणि सगुणा एकमेकांकडे बघून सुटकेचा श्वास सोडत होते. पोरीनं गिळलं, असा त्यांचा समज झाला. मैना मात्र हात चालवता चालवता एकच हिशोब पुन्हा पुन्हा मांडत होती. विधवा म्हणावं तर ती विधवा नव्हती. सवाष्ण म्हणावं तर नवरा दुसरीचा संसार करत होता. टाकलेली म्हणावं तर तसंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. टाकायलासुद्धा कुणी तिला विचारलं नव्हतं. त्यांच्यात नवराबायकोनं वेगळं व्हायचं तर चार माणसांसमोर काडी मोडतात. पण मेलेल्या नवऱ्याशी काडीमोड होत नाही. आधी तो जिवंत व्हायला हवा.

तृतीयेला गाडी उभी राहिली. खरंच देखणी झाली होती. माडाच्या कोंबासारखा हिरवा रंग, आणि असा तुळतुळीत की बघायला आलेल्यांची तोंडं तिच्यात दिसत होती. सारंग नव्या धोतरात भटजींच्या मागेपुढे नाचत होता. खाडीकाठची सगळी माणसं जमली होती. भटजींनी सवाष्ण बाईला पुढे बोलावलं, गाडीला कुंकू लावायला. सगुणा ताट घेऊन निघाली. मैना रीतीप्रमाणे मागे खांबाशी उभी होती, ती चालत पुढे आली आणि तिच्या वाटेत उभी राहिली.

"बाय, ताट दे."

ताट मैनेकडे कसं गेलं ते सगुणेलाही कळलं नाही. मैनेनं करंड्यात बोट बुडवलं आणि ते आधी स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

भटजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला. बायकांत कुणाच्या तरी तोंडून देवा रे निघालं. मैनेचा आवाज आला तो सरळ आला.

"माझा नवरा मेलेला नाय. शारजात हाय. ही बॉडी त्यानंच बनवलान. भावजींना विचारा."

सगळ्यांच्या माना सदूकडे वळल्या. पुतळ्याला खांदा दिलेली माणसं तिथे उभी होती, त्या दिवसाचं सुतक पाळलेली माणसं उभी होती. सदूनं एकदा सगळ्यांकडे बघितलं, आणि त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. सारंगानं मैनेकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पुन्हा मैनेकडे, आणि तो गाडीच्या चाकाशी मटकन खाली बसला. ज्या घरी तो जेवून आला होता ते घर कुणाच्या कपाळावर उभं होतं, ते त्याला आत्ता कळलं.

कोपऱ्यात छप्पर झाडायची केरसुणी होती. मैनेनं तिच्यातला एक हीर उपसला, दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला आणि मोडला. तो वाळलेला हीर मोडल्याचा आवाज मागच्या माणसांपर्यंत गेला. एक तुकडा तिनं खाली टाकला, दुसरा सारंगाच्या हातात दिला.

"काकानू, तुम्ही परत गेलात तर त्याला हा द्या. सांगा, मैनान काडी मोडलान. चार माणसां साक्षीला व्हती."

सारंगानं तो तुकडा घेतला. भटजी पोथी मिटून उभे होते आणि काय म्हणावं ते त्यांनाही उमजत नव्हतं, कारण यावर पोथीत काही असेल असं त्यांना वाटत नव्हतं. तेवढ्यात सगुणा भानावर आली. रीत ती रीत. काडी मोडली, म्हणजे आता नवरा नाही, आणि नवरा नाही म्हणजे मैनेच्या कपाळावर कुंकू राहून चालणार नाही. ती रडतच पुढे आली आणि पदराचं टोक तिनं मैनेच्या कपाळाकडे नेलं.

मैनेनं तिचं मनगट वरच्यावर धरलं.

"एकदा पुसलंत, तेवढा पुरे."